नाळ, पू आणि एम१/७० : एका प्रतिपिंडाचा इतिहास

बाळाची नाळ जन्मानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते आणि गळून पडते. बारशाच्या सुमारास घरातील वडीलधारी बाई ‘नाळ पडली का?’ असे सहज विचारते आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘पडली’ असेच येते. क्वचित एखाद्या घरी मात्र महिना उलटतो, तरी नाळ पडत नाही. बेंबीभोवती लाली व सूज येते, ताप चढतो. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी सामान्यापेक्षा कितीतरी अधिक निघतात, पण जखमेत पू मात्र धरत नाही. फौज छावणीत भरपूर आहे आणि रणांगणावर एकही सैनिक नाही, अशी ही विचित्र अवस्था असते.

उशिरा नाळ पडणारी बहुतेक बाळे निरोगीच असतात. परंतु वरील सर्व लक्षणे एकत्र दिसली, तर डॉक्टरांच्या मनात एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराची शंका येते. ती शंका खरी की खोटी, हे बाळाचे थोडेसे रक्त आणि प्रतिपिंडाचे काही थेंब यांवरून काही तासांत कळू शकते. ज्या संशोधनातून ही सोय झाली, त्याचा आरंभ या रोगापासून झालेला नव्हता. ज्या प्रतिपिंडाने या कथेला वळण दिले, तो घडला तेव्हा तो नेमके काय ओळखतो, हे घडवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

या कथेची पहिली पायरी पटकीच्या जंतूपाशी आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि पुढची दोन दशके हा जंतू युरोपच्या प्रयोगशाळांतील आवडता विषय ठरला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वाल्देमार हाफकिन यांनी त्याच्यावर लस तयार केली आणि १८९३ मध्ये ती घेऊन ते भारतात आले. १८९४ मध्ये रिशार्ड फायफर यांनी दाखवले की, पटकीविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या गिनिपिगच्या पोटात हे जंतू सोडले, तर ते विरघळून नाहीसे होतात. पुढल्याच वर्षी पाश्चर संस्थेतील पंचविशीचा बेल्जियन तरुण ज्यूल बोर्दे याने हाच प्रकार परीक्षानळीत घडवून आणला. प्रतिकारक्षम प्राण्याचा रक्तरस सुमारे ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याची मारकशक्ती जाते आणि त्यात साध्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस थोडासा मिसळला की ती परत येते, हे त्याला आढळले.

यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. उष्णतेला दाद न देणारा एक घटक विशिष्ट जंतूला ओळखतो. तो म्हणजे प्रतिपिंड. उष्णतेने नष्ट होणारा दुसरा घटक प्रत्येकाच्या रक्तात मुळातच असतो आणि पहिल्याचे काम पुरे करतो. पाउल एर्लिख यांनी या दुसऱ्या घटकाला ‘कॉम्प्लिमेंट’, म्हणजे ‘पूरक’, हे नाव दिले. बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच पदार्थ वाटणारे हे पूरक पुढे तीसहून अधिक प्रथिनांचे जाळे निघाले. त्याच्या मध्यभागी सी३ नावाचे प्रथिन आहे. जंतू दिसताच सी३ तुटते आणि त्याचे तुकडे जंतूच्या पाठीवर घट्ट चिकटतात. ‘हा परका आहे, याला गिळा’ अशी ती खूण असते.

खूण केली, पण ती वाचणार कोण? पन्नाशीच्या दशकात या प्रश्नाला धार आली. १९५३ मध्ये रॉबर्ट नेल्सन यांनी नोंदवले की, प्रतिपिंड व पूरक यांनी माखलेले जंतू मानवी तांबड्या पेशींना चिकटतात. त्याअर्थी पेशीच्या पृष्ठभागावर ही खूण ओळखणारे काहीतरी असले पाहिजे. १९६८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात विल्टन ले आणि व्हिक्टर नुसेनझ्वाइग यांनी पांढऱ्या पेशींवरही असे ग्राही असल्याचे दाखवले. पद्धत साधी होती. मेंढीच्या तांबड्या पेशींवर प्रतिपिंड आणि पूरक चढवायचे व त्या पांढऱ्या पेशींत मिसळायच्या. ग्राही असेल तर पांढऱ्या पेशीभोवती तांबड्या पेशींचे कडे जमते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते गुलाबाच्या फुलासारखे दिसते. म्हणून त्याला ‘रोझेट’ म्हणू लागले.

रोझेट पाहून ग्राही ‘आहे’ एवढेच कळत असे. तो कोणते प्रथिन, केवढा, एक की अनेक, हे कळत नव्हते. त्याला धरून बाहेर काढण्यासाठी फक्त त्यालाच पकडणारा चिमटा हवा होता.

तो चिमटा १९७५ मध्ये केंब्रिजला तयार झाला. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिलस्टाइन आणि जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज कोलर यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी व न मरणारी कर्कपेशी यांचा संकर केला. या संकरित पेशीचा वंश अखंड वाढतो आणि त्यातील प्रत्येक पेशी अगदी एकसारखा प्रतिपिंड स्रवते. प्राण्याच्या रक्तात एरवी हजारो प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते. येथे मात्र एकच, नितळ, कितीही काळ मिळत राहणारा मोनोक्लोनल प्रतिपिंड हाती आला. या तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे ते जगभर झपाट्याने पसरले. १९८४ मध्ये या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळाले.

त्याच प्रयोगशाळेत १९७६ च्या सुमारास टिमोथी स्प्रिंगर हा अमेरिकी तरुण दाखल झाला. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द असला, तरी प्रयोगशाळेत रॅट आणि माऊस या दोन निराळ्या जाती आहेत. स्प्रिंगर व सहकाऱ्यांनी माऊसच्या प्लीहेतील पेशी रॅटला टोचल्या. रॅटच्या शरीराने त्या पेशींवरील अनेक परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड तयार केले. मग रॅटच्या प्रतिपिंड-पेशींचा संकर करून एकेक वंश वेगळा काढण्यात आला. कोणते प्रथिन पकडायचे, हे आधी ठरलेले नव्हते. जाळे टाकायचे, काय येते ते पाहायचे, आणि मग त्या माशाला नाव द्यायचे, अशी ही रीत होती. त्या पहिल्या मालिकेतील सत्तर क्रमांकाचा वंश म्हणजे एम१/७०.

एम१/७० ने पकडलेला मासा चमत्कारिक होता. तो भक्षकपेशींवर ठळक दिसे, लसिकापेशींवर बहुधा दिसत नसे. १९७९ मध्ये स्प्रिंगर, गाल्फ्रे, सेशर आणि मिलस्टाइन यांनी त्याला मॅक-१ हे नाव दिले. ‘मॅक’ म्हणजे मॅक्रोफेज, मोठी भक्षकपेशी. नाव मिळाले, काम मात्र अज्ञात राहिले. १९८१ मध्ये केनेथ ऑल्ट आणि स्प्रिंगर यांनी आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवली. माऊसच्या प्रथिनाविरुद्ध घडलेला हा प्रतिपिंड मानवी मोनोसाइट पेशींनाही चिकटतो. उत्क्रांतीच्या प्रवाहात या रेणूचा तो भाग फारसा बदललेला नव्हता, हे त्याचे कारण.

उलगडा १९८२ मध्ये झाला. डेव्हिड बेलर, स्प्रिंगर आणि रॉबर्ट श्रायबर यांनी जुनाच रोझेटचा प्रयोग नव्या चिमट्यासह केला. पेशींवर आधी एम१/७० चढवला आणि मग पूरकाने माखलेल्या तांबड्या पेशी सोडल्या. सी३च्या आयसी३बी नावाच्या तुकड्याला ओळखून बनणारी कडी जमेनाशी झाली, इतर पूरक-ग्राहींची कडी मात्र पूर्वीसारखीच जमत राहिली. प्रतिपिंडाने नेमके एकच दार अडवले होते. मॅक-१ म्हणजेच पूरकाचा तिसरा ग्राही, सीआर३. दोन वेगवेगळ्या वाटांनी शोधला गेलेला रेणू एकच निघाला. नेल्सन यांच्या निरीक्षणानंतर जवळजवळ तीस वर्षांनी त्या खुणेच्या एका वाचकाचा चेहरा असा स्पष्ट झाला.

पूरकाच्या इतर ग्राहींच्या बाबतीतही साधारण असेच घडले. बी-पेशींवरील ‘बी२’ नावाच्या खुणेविरुद्धचा प्रतिपिंड आधी आला आणि ती खूण म्हणजे सी३डी तुकड्याचा ग्राही, हे १९८३ मध्ये ठरले. पुढच्या वर्षी जॉइस फिंगरॉथ व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, एपस्टाइन-बार विषाणू बी-पेशीत शिरण्यासाठी हेच दार वापरतो. संरक्षणासाठी असलेली खिडकी शत्रूच्या उपयोगी पडते, हेही प्रतिपिंडांमुळेच उमगले.

याच सुमारास रुग्णालयांतून निराळ्या हकिकती येत होत्या. १९७९ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा बालकांचे वर्णन केले, ज्यांची नाळ उशिरा पडली, ज्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग झाले आणि ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशी जागच्या हलत नव्हत्या. १९८० मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाच्या न्यूट्रोफिलवर एक मोठे प्रथिन नसल्याचे आढळले. हे हरवलेले प्रथिन कोणते? स्प्रिंगर यांच्याकडे तोवर मॅक-१ सोबत त्याच्या दोन भावंडांविरुद्धचेही प्रतिपिंड होते. तिन्ही रेणू दोन-दोन साखळ्यांचे आहेत. त्यातील अल्फा साखळी प्रत्येकाची वेगळी, बीटा साखळी मात्र तिघांची एकच.

१९८४ मध्ये टेक्सासमधील डोनाल्ड अँडरसन, फ्रँक श्मालश्टीग व इतरांसह स्प्रिंगर यांनी अशा रुग्णांच्या पेशी तपासल्या. तिन्ही रेणू एकदमच गायब होते. तीन वेगवेगळी जनुके एकाच वेळी बिघडणे संभवत नाही. बिघाड सामाईक बीटा साखळीत असणार, हा तर्क त्यातून निघाला. ती साखळीच धड बनत नसेल, तर अल्फा साखळ्यांना जोडीदार मिळत नाही आणि त्या पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतच नाहीत. १९८७ मध्ये प्रत्यक्ष जनुकीय पातळीवर याला दुजोरा मिळाला. आज या साखळीला सीडी१८, सीआर३च्या अल्फा साखळीला सीडी११बी आणि रोगाला ‘ल्यूकोसाइट अ‍ॅडिजन डेफिशियन्सी’, प्रकार १, म्हणजे श्वेतपेशींच्या चिकटण्याच्या शक्तीचा जन्मजात अभाव, असे म्हणतात. सदोष जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली, तरच रोग होतो. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते.

पू का धरत नाही, याचे उत्तरही येथेच मिळाले. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून मगच बाहेर पडते. ही पकड सीडी१८ असलेल्या रेणूंची असते. पकडच नाही, म्हणून पेशी रक्तात फिरत राहतात, त्यांची संख्या फुगते आणि जखम कोरडी राहते. पूरकाची खूण वाचण्यासाठी असलेला ग्राही पेशीचा हातही होता. १९८६ पासून अशा रेणूंच्या मोठ्या कुळाला इंटेग्रिन हे नाव मिळाले. त्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाह्टी आणि स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका अपूर्व रक्तगटाची नोंद केली. तोच जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमध्ये दोन मुलांत श्वेतपेशी न चिकटण्याचा दुसरा प्रकार सापडला. त्यांच्या सीडी१८ मध्ये काहीच दोष नव्हता, पण दोघांचाही रक्तगट बॉम्बे होता. शरीरात फ्युकोज या शर्करेची जोडणी बिघडल्यामुळे रक्तगटाचा पाया आणि श्वेतपेशींची पहिली हलकी पकड, दोन्ही एकदम नाहीशी झाली होती. भारतातील बहुसंख्य बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींना हा रोग नसतो, कारण त्यांच्यातील दोष निराळ्या जनुकात असतो. परंतु मुंबईत नोंदलेल्या त्या रक्तगटाने दूर देशीच्या एका रोगाचे निदान सुकर केले, हे खरे.

भारतात आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था अशा केंद्रांत जन्मजात प्रतिकारन्यूनतेचे निदान होते. मुंबईची संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली होती. तेथील संशोधकांनी भारतीय बालकांतील श्वेतपेशी न चिकटण्याच्या विकाराचे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. चाचणीचे तत्त्व सोपे आहे. चमकणारा रंग जोडलेले सीडी१८ व सीडी११ विरुद्धचे प्रतिपिंड रक्तात मिसळतात, तांबड्या पेशी विरघळवतात आणि उरलेल्या पेशी एकामागून एक लेसरच्या किरणासमोरून सोडतात. निरोगी माणसाच्या पेशी झळकतात, रुग्णाच्या पेशी अंधारात राहतात. सीडी१८ दोन टक्क्यांहून कमी असेल, तर रोग तीव्र मानतात. दोन ते तीस टक्के असेल, तर मध्यम. तीव्र प्रकारातील अनेक मुले उपचारांविना वयाची दोन वर्षे पुरी करत नाहीत. खात्रीचा उपाय अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा आहे. भारतातील पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले होते. रुग्णाच्याच मूलपेशींत योग्य जनुक घालण्याच्या उपचाराची चाचणी परदेशात नऊ मुलांवर झाली आणि ती सर्व मुले जगली.

म्हणूनच प्रतिपिंडाच्या नळीवरील लेबल खरे असणे ही केवळ प्रयोगशाळेची बाब राहत नाही. संशोधनासाठी विकले जाणारे कित्येक प्रतिपिंड सांगितलेल्या प्रथिनाऐवजी भलत्यालाच चिकटतात, ही तक्रार गेल्या दशकात जगभर तीव्र झाली. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्युकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने ‘नेचर’मध्ये मागणी केली की, प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या जनुकीय क्रमावरून निश्चित व्हावी. सर्वांत चोख कसोटी तर जुनीच आहे. ज्या पेशीत ते प्रथिन मुळीच नाही, तिच्यावर प्रतिपिंड चिकटता कामा नये. सीडी१८च्या बाबतीत ही कसोटी रुग्ण बालकांच्या पेशींनीच पुरवली. ज्या मुलांना या रेणूच्या अभावाने ग्रासले, त्यांच्याच रक्ताने त्या रेणूच्या प्रतिपिंडांचा खरेपणा सिद्ध केला.

सावधगिरी चाचणीतही लागते. न्यूट्रोफिल आपला सीआर३ कणिकांत साठवून ठेवतात आणि उद्दीपित होताच पृष्ठभागावर आणतात. रक्त हलगर्जीपणे हाताळले वा उशिरा तपासले, तर आकडे बदलतात. शिवाय ग्राही पृष्ठभागावर आहे म्हणजे तो कामाचा आहेच, असेही नाही. १९९३ मध्ये स्प्रिंगर यांच्या गटाने सीबीआरएम१/५ हा प्रतिपिंड वर्णिला. तो केवळ जागृत अवस्थेतील सीआर३ला ओळखतो. काही थोड्या रुग्णांत प्रथिन दिसते, पण ते निकामी असते. तेथे एका रंगाच्या झळकण्यावर विसंबून चालत नाही.

हीच दारे औषधाने अडवण्याचे प्रयत्नही झाले, आणि ते धडा देऊन गेले. सीआर३च्या भावंडाला अडवणारा एफालिझुमॅब हा प्रतिपिंड सोरायसिससाठी अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झाला. काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणुसंसर्ग झाल्याने २००९ मध्ये तो मागे घेण्यात आला. निसर्गाने ज्या मुलांत हे दार बंद ठेवले होते, त्यांचा इतिहास त्याआधी पंचवीस वर्षे लिहिला गेला होता.

पूरक संस्थेच्या अभ्यासात भारतीय वाटाही लक्षणीय आहे. सी३ला रोखणारे कॉम्पस्टॅटिन हे छोटे पेप्टाइड १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात त्यांनी विषाणू पूरकाला कसे चकवतात, याचा दीर्घ अभ्यास केला. कॉम्पस्टॅटिनच्या वंशातील पेगसेटाकोप्लान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ओडिशातील मलेरियाच्या रुग्णांत पूरकाच्या पहिल्या ग्राहीच्या जनुकीय प्रकारांचा तीव्र आजाराशी असलेला संबंध तपासला गेला. आयआयटी कानपूरच्या अरुण शुक्ला यांच्या गटाने २०२३ मध्ये सी३ए आणि सी५ए यांच्या ग्राहींची रचना उलगडून दाखवली.

एम१/७०ची मूळ पेशी अमेरिकेच्या पेशीसंग्रहात टीआयबी-१२८ या क्रमांकाने जपलेली आहे. मानवी निदानासाठी पुढे ओकेएम१, आयसीआरएफ४४ असे मानवी रेणूविरुद्धच घडवलेले प्रतिपिंड आले. परंतु माऊसवरील संशोधनात, आणि कित्येकदा मानवी पेशींवरही, तो जुना सत्तरावा वंश आजही रोज वापरला जातो.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाने अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने एकदाच बऱ्या होऊ शकणाऱ्या विकारांचा स्वतंत्र गट केला आहे आणि त्यात काही जन्मजात प्रतिकारन्यूनतांचा समावेश आहे. धोरण, प्रत्यारोपण, जनुकीय उपचार, हे सारे निदानानंतरचे टप्पे आहेत. निदान वेळेवर व्हायचे, तर तालुक्याच्या डॉक्टरला पू न धरणारी जखम आणि फुगलेली श्वेतपेशीसंख्या एकत्र पाहून शंका यायला हवी आणि ते दोनएक मिलिलिटर रक्त योग्य केंद्रापर्यंत पोहोचायला हवे. महिना उलटूनही नाळ पडली नाही, बाळाला ताप आहे आणि बेंबी लाल आहे, असे घरात कोणी बोलून दाखवले, तर ते ऐकून घेतले जाणे ही त्या निदानाची पहिली पायरी आहे.

#विज्ञानवार्ता #भारतीयविज्ञान #प्रतिकारशास्त्र #विज्ञानाचाइतिहास